किल्ल्याच्या बागेत अख्खं घर घेऊन जायचं असेल तर

परवा मावसबहिणीचा फोन आला, ती पुण्याहून चार दिवस सोलापूरला येणार, सोबत तिच्या सासूबाई आणि दोन लेकरं, आणि विचारत होती की अगं एक दिवस सगळ्यांना घेऊन कुठं निवांत बसता येईल का, हॉटेल नको, मॉल नको, नुसतं झाडाखाली चादर टाकून बसायचंय. मी तिला पाऊण तास फोनवर सांगत होते आणि शेवटी म्हटलं थांब लिहूनच काढते, कारण हे विचारणारी ती पहिली नाही, आणि आम्ही गेली सात-आठ वर्षं दर हिवाळ्यात घरचे दहा-अकरा जण असे एक दिवस बाहेर काढतो, त्यात काय चुकतं आणि काय जमतं ते आता बऱ्यापैकी कळलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान लेकरू, या दोघांचा दिवस आधी आखायचा. त्यांनी कुठं बसायचं, किती वाजता खायचं, बाथरूमला कुठं जायचं, दुपारी डोळा कुठं लागणार. हे दोघं सुखात असले की मधले सगळे आपोआप सुखात असतात, आणि या दोघांपैकी एकाचं जरी बिनसलं तरी अकरा जणांना दुपारी एकला घरी परतावं लागतं, हे आम्ही दोनदा अनुभवलंय.

आता जागा. सोलापुरात माझं मत विचाराल तर भुईकोट किल्ला, त्याला लागून हुतात्मा बाग, आणि पलीकडं सिद्धेश्वर तलाव आणि मंदिर, हा सगळा पट्टा मिळून एक दिवस. कारण सगळं पायी अंतरावर आहे, पोरांना पळायला जागा आहे, बघायला किल्ला आहे, म्हाताऱ्या माणसांना देवदर्शन होतं, आणि काही अडलंनडलं तर तुम्ही शहराच्या मधोमध आहात, मेडिकल, रिक्षा, दवाखाना सगळं हाताशी. ज्यांना पक्षी बघायचेत त्यांनी विजापूर रोडला संभाजी तलावाकडं जावं, आम्ही अजून त्याला कंबर तलावच म्हणतो, थंडीत सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर मस्त पक्षी दिसतात. पण लहान लेकरू आणि सत्तरीच्या आई बरोबर असतील तर माझं उत्तर किल्लाच.

तारीख. सोलापूर आहे हे, मार्च निम्मा झाला की ऊन डोक्यात जायला लागतं आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा दिवसभराचं नाव काढू नका, फार तर संध्याकाळी पाचनंतर दोन तास. दिवाळी झाली की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपला सीझन. त्यात संक्रांतीच्या आगेमागे मात्र विचार करून जा, सिद्धेश्वरांची यात्रा असते, सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरलेला असतो, तिथं पाय ठेवायला जागा नसते. गड्डा बघायचा असेल तर तो वेगळा दिवस धरा, पाळण्यात बसा, भाग्य असेल तर शोभेचं दारूकाम बघा, पण चादर टाकून निवांत बसायचा दिवस आणि गड्ड्याचा दिवस एक करू नका. श्रावणातले सोमवारही तसेच, मंदिरात दर्शनाला भली मोठी लाइन. रविवारी गर्दी असतेच, पोरांची शाळा आणि मोठ्यांची ड्युटी बघून एखादा मधला सुट्टीचा वार मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि आता जे कोणीच करत नाही आणि जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. आदल्या दिवशी घरातल्या एकानं गाडीवर जाऊन तिथं चक्कर मारून यायची. हो, गाव आपलंच आहे, बाग शंभर वेळा बघितलीय, तरी जायचं. कारण बऱ्याच बागा दुपारी काही तास बंद असतात, कधी आठवड्याची सुट्टी असते, कधी काम चालू असतं, कधी एखादा कार्यक्रम. आम्ही एकदा शहरातल्या एका बागेत सगळा लवाजमा घेऊन साडेअकराला पोचलो, रिक्षातून डबे उतरवले, आईंना हात धरून उतरवलं आणि तेवढ्यात वॉचमन गेट ओढत होते, म्हणाले आता चार वाजता. त्या बिचाऱ्यांचा काय दोष, गेटवर पाटी होतीच, आम्हीच वाचली नव्हती. तो डबा आम्ही शेवटी घरी येऊन हॉलमध्ये बसून खाल्ला आणि पोरं रडून रडून झोपली. तेव्हापासून आदल्या दिवशी आमचे भाऊजी जातात आणि पाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. त्यांना अजून तीन गोष्टी बघायला सांगतो, एक टॉयलेट उघडं आहे का आणि त्यात पाणी आहे का, दोन प्यायच्या पाण्याचा नळ चालू आहे का, तीन सावलीची जागा कुठं आहे. टॉयलेटचं मी मुद्दाम पहिलं लिहिलंय. बायका आणि म्हातारी माणसं अशा दिवशी पाणीच पीत नाहीत, जायचं कुठं या धास्तीनं, आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात. ही गोष्ट कोणी तोंडानं बोलत नाही म्हणून तुम्हीच आधी बघून ठेवा आणि निघताना सगळ्यांना सांगून टाका की सोय आहे, बिनधास्त पाणी प्या.

सावलीचं पण एक गणित आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दुपारची सावली झाडाच्या उत्तरेला पडते आणि तीननंतर पूर्वेकडं सरकत जाते. म्हणजे सकाळी दहाला जिथं सावली दिसते तिथं चादर टाकली की एक वाजता सगळे उन्हात. झाडाच्या उत्तर-पूर्वेला बसा, सकाळी थोडं कोवळं ऊन लागेल, थंडीत ते बरंच वाटतं, आणि दुपारी सावली तुमच्याकडं चालत येईल. बसायच्या आधी मान वर करून फांद्या बघा. आग्यामोहोळ असेल तर गपचूप लांब जायचं, पोरांना ताकीद द्यायची की वर दगड मारायचा नाही. किल्ल्याच्या बुरुजांच्या बाबतीत पण हेच, जुन्या भिंतींना पोळी लागतात. नारळाखाली तर कधीच बसू नये.

चादरीचं सांगते. सोलापुरी चादर घरात असेलच, जुनी, रंग उडालेली, जाड, तीच घ्यायची, नवी पातळ चटई नको. कारण आपल्याकडं गवतात सराटे असतात, पातळ चटईतून ते सरळ टोचतात, जाड चादरीतून टोचत नाहीत. पण ते चादरीला खालून चिकटतात आणि घरी आल्यावर एक एक उपटत बसावं लागतं, बोटं सोलून निघतात, म्हणून खाली आधी ताडपत्री किंवा उघडलेलं धान्याचं पोतं अंथरायचं आणि वर चादर. आणि ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी एक फोल्डिंगची खुर्ची न्या, नसेल तर घरातली प्लॅस्टिकची खुर्ची रिक्षाच्या मागं बांधा, लोक बघतील तर बघू दे. आमच्या आईंचे गुडघे गेलेत, पहिल्या वर्षी त्या कट्ट्यावर अवघडून बसल्या आणि दोन तासांत घरी चला म्हणायला लागल्या, पुढच्या वर्षी खुर्ची नेली तर संध्याकाळी सहाला पण उठायला तयार नव्हत्या. चप्पल काढून पाय गवतावर ठेवून बसल्या होत्या, अंगठ्यानं गवत दाबून बघत होत्या, म्हणाल्या किती वर्षांनी पायाला माती लागली गं. घरात फरशी, गल्लीत सिमेंट, त्यांना कुठून लागणार माती. त्या एका वाक्यासाठी मी दरवर्षी ती खुर्ची वाहून नेते.

खायचं. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण निम्मा दिवस यावर अवलंबून असतो.

नियम एकच, जे गार झाल्यावर पण चांगलं लागतं आणि दुपारपर्यंत खराब होत नाही तेवढंच न्यायचं. पोहे, उपमा, इडली असलं काही नको, गार झाले की कोणी हात लावत नाही. आपल्याकडं देवानं कडक भाकरी दिलीय की. ज्वारीची, पापडासारखी पातळ थापून कडक भाजलेली, कापडात गुंडाळून डब्यात ठेवली की आठवडा-आठवडा काही होत नाही. सोबत शेंगा चटणी, घट्ट दही, कांदा (तिथंच बुक्कीनं फोडायचा), आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. चटणी विकतची घेतली तरी चालेल, गावात पावलापावलावर मिळते, पण जमलं तर घरी कुटा. शेंगदाणे खरपूस भाजायचे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि उखळात कुटत राहायचं, पहिली दहा मिनिटं नुसता कोरडा कूट दिसतो, हात दुखायला लागतो, आणि मग अचानक बत्त्याला तेल लागायला सुरुवात होते, चटणी गोळा होऊन उखळाच्या बाजूला चिकटते, वास सगळ्या घरात जातो, तेव्हा थांबायचं. मिक्सरमधून काढली की त्याचं पीठ होतं, तेल असं सुटत नाही, म्हणून थांबून थांबून फिरवा.

पण परत तेच, म्हातारं माणूस आणि लहान लेकरू. कडक भाकरी आईंना चावत नाही आणि तीन वर्षांच्या पोरीला तिखट चालत नाही. म्हणून आईंसाठी मेथीचे धपाटे, मऊ, पीठ दह्यात मळून केलेले, दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात. आणि पोरीसाठी दहीभात. दहीभाताची युक्ती अशी की सकाळी दही घालून भात नेला तर दुपारी आंबट होतो, कोणी खात नाही. त्यापेक्षा भात जरा मऊसर शिजवा, कोमट असतानाच घोटा, त्यात भरपूर दूध घाला आणि दही फक्त एक चमचा, विरजणाला घालतो तेवढं. वरून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, मीठ बेतानं. बारा वाजेपर्यंत डब्यातल्या डब्यात दही लागतं आणि उघडल्यावर गोड दहीभात मिळतो. गोडाला शेंगा पोळी, ती पण टिकते, आणि संत्री नाहीतर केळी. बोरं, पेरू हंगामाप्रमाणं तिथंच गाडीवर घ्या.

भरलं वांगं न्यायचा मोह होतो, भाकरीबरोबर त्याच्यासारखं काही नाही हे मला मान्य आहे, पण रश्श्याचं तेल एकदा पिशवीत सांडलं की चादर, टॉवेल, पोरांचे कपडे सगळं गेलं. न्यायचंच तर सुकं करा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा उभा एका बादलीत. हुरड्याचं पण कोणीतरी काढतंच, पौष-माघात ज्वारी भरलेली असते ना, पण हुरडा शेतावर, आगटीजवळ बसून खायचा असतो, बागेत जाळ करायचा नाही म्हणजे नाही, झाडांच्या मुळांना धग लागते, वाळलं गवत पेट घेतं, आणि वर मोहोळ असेल तर धुरानं उठलंच समजा.

पाणी माणशी दीड लिटर धरा, थंडी असली तरी दुपारी ऊन असतंच. एक मोठा वीस लिटरचा जार न्यायला रिक्षात जागा असेल तर उत्तम, नाहीतर बाटल्यांना ओला रुमाल गुंडाळून सावलीत ठेवा, वारा लागला की पाणी गार राहतं. ताक एका बाटलीत वेगळं. आणि औषधं. बीपीची, शुगरची गोळी ज्या वेळेची आहे त्या वेळेला खाणं झालंच पाहिजे, गप्पांत दीड वाजला, दोन वाजले असं करू नका, शुगरच्या माणसाला चक्कर येते. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी गोळ्या, ओआरएसची दोन पाकिटं, बँडेज, हळद आणि साखर एवढं असतंच.

दिवस कसा लावायचा ते आता. सकाळी आठला घरातून निघायचं असं ठरवलं की नऊला निघणं होतं, म्हणून ग्रुपवर साडेसात लिहा. सगळ्यात आधी किल्ला, पोरांचे पाय ताजे असतात आणि ऊन नसतं. पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे, तिकीट असतं, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. डबे आत न्यायचे नाहीत, आत खायचं नाही, भिंतीवर नाव कोरायचं तर विचार पण नाही, पोरांना हे गेटच्या बाहेरच सांगा. सामान घेऊन दोघं जण बागेत जागा धरून बसतात, बाकीचे किल्ल्यात, मग अदलाबदल. आईंना आम्ही किल्ल्यात सगळीकडं नेत नाही, सपाट भाग आहे तेवढा हात धरून दाखवतो आणि एका झाडाखाली बसवतो.

किल्ला नुसता फिरवू नका, पोरांना सांगा. बहमनी काळातला किल्ला, एकामागं एक दोन तटबंद्या, बाहेर खंदक, एका बाजूला तलावाचं पाणी, म्हणजे शत्रू आला तर पाणी ओलांडायचं, मग एक भिंत, मग परत दुसरी. पोरांना विचारायचं, तुम्ही असता तर कुठून शिरला असता? माझा पुतण्या अर्धा तास खंदकाकडं बघत प्लॅन करत होता. मे १८१८ मध्ये मन्रोच्या इंग्रजी फौजेनं हा किल्ला पेशव्यांच्या माणसांकडून घेतला, हे सांगितल्यावर त्याला फार वाईट वाटलं. खंदकाच्या आणि तटाच्या कडेला मात्र लहान लेकराचा हात सोडू नका, एक मोठा एका लहानासाठी, नावं घेऊन वाटून द्या. सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवू म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

त्याचीच गोष्ट सांगते. तीन वर्षांमागं हाच पुतण्या, तेव्हा पाच वर्षांचा, बागेत आमच्या डोळ्यांसमोरून गायब झाला. मला वाटलं जाऊबाईंकडं आहे, जाऊबाईंना वाटलं त्याच्या बाबांकडं आहे. सात-आठ मिनिटं असतील, पण माझे हातपाय गळाले, तोंडातून आवाज फुटेना. फुगेवाल्याच्या मागं मागं गेटपर्यंत गेला होता. गेटपाशी शेंगा विकणाऱ्या एका मावशींनी त्याला एकट्याला बघून आपल्या पाटीशेजारी बसवून ठेवलं होतं आणि हातात चार शेंगा दिल्या होत्या, तो आरामात सोलून खात होता. त्या मावशींचे पाय धरायचे राहिले असं मला अजून वाटतं. तेव्हापासून घरातून निघायच्या आधी प्रत्येक पोराच्या मनगटावर बॉलपेननं दोन मोबाईल नंबर लिहितो, चिठ्ठी खिशात ठेवली तर ती हरवते, हातावरचं हरवत नाही. सगळ्या पोरांना एका रंगाच्या टोप्या. आणि त्यांना एकच वाक्य पाठ करून घेतो, की आम्ही दिसलो नाही तर जिथं आहेस तिथंच उभा राहा, शोधायला जाऊ नको, आम्ही येतो. रोज शाळेत जाताना म्हणून घ्या, आठवड्यात पाठ होतं.

किल्ला झाला की बाग. हुतात्मा बाग हे नाव का, हे सोलापूरच्या पोरांना माहीत असलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मे १९३० मध्ये गांधीजींना पकडल्याची बातमी आली आणि हे गिरणी कामगारांचं गाव पेटून उठलं, गोळीबार झाला, माणसं गेली, आणि ९, १०, ११ मे ला गावात इंग्रजांचा कारभारच उरला नव्हता. मग त्यांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चौघांची नावं एका दमात म्हणून बघा, कन्नड बोलणारं घर, मुसलमान घर, मराठा घर, मारवाडी घर, आपलं सोलापूर जसं आहे तसंच. पोरांना हे झाडाखाली बसून पाच मिनिटांत सांगता येतं, पुस्तकातल्या धड्यासारखं नको, तुझ्या गावातली माणसं होती असं सांगा. आणि संध्याकाळी परतताना चार पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबा, मग ती पोरं स्वतःच नावं ओळखतात.

जेवण बारा वाजता, एकला नाही. लहान लेकरू अकरापासून कुरकुरायला लागतं, त्याला केळं देऊन ठेवा. जेवायला बसलं की आजूबाजूला पण कोणी ना कोणी कुटुंब बसलेलं असतं, त्यांना एक भाकरी, थोडी चटणी द्या. गेल्या वर्षी शेजारी पूर्व भागातलं एक तेलुगू कुटुंब होतं, त्यांच्या आज्जींनी आम्हाला पानावर पुलिहोरा वाढला, चिंचेचा भात, मी आयुष्यात असला खाल्ला नव्हता, आणि आमच्या आई आणि त्या आज्जी, दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी कळते, तरी दुपारभर सुनांबद्दल बोलत बसल्या होत्या. अशी ओळख हॉटेलात होत नाही.

जेवल्यावर एक तास कोणालाही काही करायला लावू नका. लेकराला दुपट्यावर झोपवा, वर ओढणी, मुंग्या बघून. मोठे पण आडवे होतात. मोबाईल तेवढा वेळ एका पिशवीत टाकतो आम्ही, एक फोन फक्त चालू. पहिल्या वर्षी सगळे कुरकुरले, आता आपणहून टाकतात. बाग दुपारी बंद होणारी असेल तर हा तास सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात काढा, तलावाच्या पाण्यात मंदिर आहे, चारी बाजूंनी पाण्यावरून वारा येतो, मे महिना सोडला तर तिथं कधी उकडत नाही.

तीननंतर खेळ. बॅडमिंटन नेतात सगळे आणि वाऱ्यानं शटल उडून झाडात अडकतं, राहू दे घरी. लगोरी न्या. सात चपटे दगड आणि एक रबरी बॉल, बास. यात चाळीस वर्षांचा माणूस आणि सात वर्षांचं पोरगं एका टीममध्ये खेळू शकतं, असे खेळ आता कमी राहिलेत. लंगडी, चोर-पोलीस, दोरीवरच्या उड्या. आईंना आम्ही पंच करतो, त्या सरळ सरळ नातवंडांच्या बाजूनं निकाल देतात आणि कोणी हरकत घेत नाही.

साडेचारला आवरायला घ्या. कचऱ्याची पिशवी घरूनच दोन न्यायची, एक ओल्याची, एक सुक्याची, आणि निघताना आपल्या चादरीच्या चारी बाजूंनी दहा-दहा पावलं फिरून सगळं उचलायचं, आपलं नसलं तरी. पोरांना हे काम द्या, किती उचललं ते मोजायला लावा. तलावात कुरमुऱ्याची प्लॅस्टिकची पुडी, निर्माल्याची पिशवी टाकू नका हो. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन, श्रम करून हा तलाव खोदून घेतला, आणि आपण त्यात पिशवी टाकायची? मला ते बघवत नाही.

मग मंदिर. संध्याकाळी पाच-साडेपाचला ऊन उतरलेलं असतं, पाणी सोनेरी दिसतं, आईंना दर्शनाला हीच वेळ बरी, सकाळी गर्दीत उभं राहवत नाही. चपला एकाच पिशवीत घालून एकाच्या हातात द्या, अकरा जोड शोधत बसायला नको. अंधार पडला की पोरांना भूक लागतेच, पार्क चौपाटीवर भेळ, पाणीपुरी जे काय खायचं ते, पण म्हातारं माणूस थकलं असेल तर त्यांना आणि लेकराला एकाबरोबर रिक्षानं आधी घरी पाठवा, सगळ्यांनी एकत्रच परतलं पाहिजे असं काही नाही. आम्ही रिक्षावाल्या काकांना सकाळीच संध्याकाळची वेळ सांगून ठेवतो, सातला गर्दीच्या वेळी एवढ्या माणसांना रिक्षा शोधणं फार जिवावर येतं.

खर्चाचं फार लिहीत नाही, डबे घरचे, रिक्षा, किल्ल्याचं तिकीट आणि चौपाटी, एवढंच. निघायच्या आधी एकाकडं पैसे जमा करा, दिवसभर मी देतो तू देतोस नको.

घरी आल्यावर दोन कामं त्याच रात्री करा. दह्याचे डबे पाणी घालून ठेवा, सकाळी घासवत नाहीत. आणि चादर घरात घ्यायच्या आधी जिन्यातच झटका, उलटी करून सराटे बघा, ताडपत्री टाकली तरी दोन-चार येतातच. ते कागदात गुंडाळून टाका, नाहीतर सकाळी अनवाणी देवपूजेला निघालेल्या आईंच्या पायात पहिला तोच जातो.